वेल्समधलं दगडी घर आणि पाच हॉलिडे लॉज विकायला आहेत, दोन रात्री राहून बघून आलो

घर सुंदर आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण खाली मी बऱ्याच तक्रारी लिहिणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल की ह्याला काही आवडलंच नाही. तसं नाहीये. मिड वेल्समध्ये, पॉविस काउंटीत, रायडर गावापासून गाडीने वीसेक मिनिटांवर व्हिक्टोरियन काळातलं दगडी घर, वर स्लेटचं छप्पर, सहा बेडरूम, भोवती नऊ एकर जमीन, आणि मागच्या उतारावर लाकडी पाच लॉज जे मालक नवरा-बायको गेली सतरा वर्षं सुट्टीवर येणाऱ्या लोकांना भाड्याने देतायत. घर, जमीन, लॉज, चालू धंदा सगळं एकत्र, मागणी ८,९५,००० पौंड. दादा-वहिनी आणि आम्ही दोघं, दोन्ही कुटुंबांनी आपापली घरं विकून असं काहीतरी मिळून घ्यायचं हे आमच्यात तीन वर्षं चाललंय, आणि ह्याआधी सहा जागा बघून झाल्या, त्यामुळे हा रिव्ह्यू खरंच घेण्याच्या तयारीत असलेल्या माणसाचा आहे.

एजंटने व्ह्यूइंगला चाळीस मिनिटं दिली होती. वहिनी म्हणाली, "भावजी, चाळीस मिनिटांत मला नुसते पडदे दिसतील. दोन रात्रींचं बुकिंग करा, गिऱ्हाईक म्हणून राहू." वहिनीने हॉटेलात हाऊसकीपिंगला बारा वर्षं काढलीयेत त्यामुळे तिचं ऐकलं, आणि आत्तापर्यंतच्या सहा जागांमध्ये आम्ही हे का केलं नाही ह्याचं मला आता वाईट वाटतंय. बुकिंग करतानाच मालकीणबाईंना फोनवर सांगितलं की आम्ही घर घ्यायच्या विचारात आहोत, लपवाछपवी नको. त्या म्हणाल्या या की, उलट बरं, शुक्रवारी या म्हणजे तुम्हाला चेंजओव्हर, म्हणजे एक पाहुणे जाऊन दुसरे येईपर्यंतची साफसफाई, बघायला मिळेल.

लंडनच्या बाजूने साडेचार तास लागले. शेवटचा पाऊण मैल रस्ता खासगी आहे, म्हणजे तो शेजारच्या शेतकऱ्याच्या मालकीचा आणि ह्या घराला तिथून जायचा हक्क आहे, ब्रोशरमध्ये हे एका ओळीत लिहिलंय. खड्डे भरपूर, आमच्या गाडीचं पोट दोनदा घासलं. दुरुस्तीचा खर्च कोणी किती द्यायचा हे कागदावर आहे का असं विचारलं तर एजंट म्हणाला शेजारी चांगले आहेत. शेजारी चांगले असतीलही, पण हा जायचा हक्क घरापुरता आहे की पाच लॉजच्या पाहुण्यांच्या गाड्यांनाही लागू आहे हे सॉलिसिटरने (खरेदीचे कागद बघणाऱ्या वकिलाने) कागद काढून बघितलंच पाहिजे, कारण शेत उद्या दुसऱ्या कोणी घेतलं तर चांगुलपणा त्याच्याबरोबर येईलच असं नाही.

लॉज नंबर तीन मिळाला. स्वच्छता एक नंबर. बेडशीट इस्त्रीची, किचनमधला प्रत्येक चमचा जागेवर, एका वहीत हाताने लिहिलेलं की गरम पाणी यायला अर्धा मिनिट लागतं, वाट बघा, आणि पावसात कुठल्या वाटेने चालायला जाऊ नका. रात्री दहाच्या सुमाराला बायकोने हाक मारून बाहेर बोलावलं आणि आम्ही चौघं डेकवर मान वर करून उभे राहिलो, कितीतरी वेळ कोणी बोललंच नाही. आकाशगंगा डोळ्यांनी दिसत होती. जवळच्या एलान व्हॅलीला २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळालाय, आणि त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी ह्या मेलेल्या महिन्यांतही तारे बघायला थोडे लोक येतात असं मालक म्हणाले. हे मी ह्या धंद्याच्या जमेच्या बाजूला सगळ्यात वर लिहीन, कारण इंग्लंड-वेल्समध्ये उन्हाळ्यात कोणीही लॉज भरतो, प्रश्न असतो तो हिवाळ्याचा.

बाकी आजूबाजूला बघण्यासारखं भरपूर आहे. एलानची धरणं जवळ आहेत, १८९३ ला काम सुरू करून १९०४ मध्ये उद्घाटन झालेली, तिथलं पाणी पंप न लावता नुसत्या उताराने ७३ मैल लांब बर्मिंगहॅमला जातं. गिग्रिन फार्मला दुपारी लाल घारींना मांस घालतात तेव्हा शेकडो घारी उतरतात, एके काळी ब्रिटनमध्ये ह्या घारी फक्त मिड वेल्सच्या डोंगरांत थोड्याशा उरल्या होत्या. म्हणजे लोक इथे का येतील हा प्रश्नच नाही. ती शंका आम्हाला आधीही नव्हती.

आता चेंजओव्हर. सकाळी दहाला दोन लॉज रिकामे झाले आणि दुपारी चारला दोन्हीकडे नवीन लोक यायचे होते, मध्ये सहा तास. मालकीणबाई आणि कामाला येणारी एक बाई, दोघीजणी. वहिनी मागे मागे फिरली आणि अर्ध्या तासात तीच एक गादी उचलून धरून चादर खोचायला लागली. मालकीणबाईंचं वय पासष्टच्या पुढचं असावं, गुडघ्याला पट्टा, वाकताना एक हात पलंगाच्या कडेला टेकवूनच वाकत होत्या. डबल बेडची चादर बदलताना त्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला चार वेळा गेल्या, आणि चौथ्या वेळी खिडकीशी थांबून बाहेर बघितल्यासारखं केलं, पण बाहेर बघत नव्हत्या, श्वास घेत होत्या. ब्रोशरमध्ये विकण्याचं कारण निवृत्ती असं एका शब्दात लिहिलंय.

एका लॉजला दोघींचे मिळून चार तास लागले. मी बाईंना विचारलं वर्षाला असे किती चेंजओव्हर होतात, त्या म्हणाल्या पूर्वी शनिवार ते शनिवार लोक यायचे, आता तीन-चार रात्रींसाठीच येतात, त्यामुळे गेल्या वर्षी दोनशेच्या पुढे गेले. दोनशे गुणिले चार म्हणजे ८०० तास, फक्त साफसफाईचे. एप्रिल २०२५ पासून किमान वेतन ताशी १२.२१ पौंड होतं त्या हिशेबानेही ते ९,७६८ पौंड होतात, आणि ह्यातले बहुतेक तास मालकीणबाई स्वतः भरतात म्हणून ते हिशेबात कुठेच नाहीत. हा आकडा लक्षात ठेवा, खाली परत येईल.

हॉट टबचं तर वेगळंच प्रकरण आहे. पाचपैकी दोन लॉजना हॉट टब आहेत आणि त्या दोन लॉजचं भाडं जास्त येतं, त्यामुळे एजंट म्हणतो उरलेल्या तीनलाही लावून टाका, लगेच उत्पन्न वाढेल. भाड्याच्या लॉजमधला टब घरगुती धरत नाहीत, तो धंद्यातला टब. लीजिओनेला हा फुफ्फुसाचा गंभीर आजार करणारा बॅक्टेरिया २० ते ४५ डिग्रीच्या पाण्यात मजेत वाढतो आणि टबचं पाणी असतं ३७-३८ ला, म्हणून हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह ह्या सरकारी सुरक्षा संस्थेची मार्गदर्शक पुस्तिका आहे, एचएसजी २८२, ती सांगते की असा टब पाहुण्यांचा एक गट गेला की दुसरा यायच्या आत पूर्ण रिकामा करा, घासा, परत भरा, शिवाय पाण्याची टेस्ट करत राहा आणि लिहून ठेवा. एका वेळी हजार-बाराशे लिटर पाणी. ते तापायला कितीतरी तास लागतात, म्हणजे दहाला पाहुणे गेले की पहिलं काम टबचा बूच काढणं. मालकांनी वही दाखवली, रोजची नोंद, क्लोरीन किती, पीएच किती, सही. त्यांना ह्याचे पूर्ण मार्क. पण हे हजार लिटर येतं कुठून आणि जातं कुठे हे विचारल्यावर आमचा सगळा विचारच बदलला.

येतं बोअरवेलमधून. घराला नळाचं सरकारी पाणी नाही. मागच्या शेडमध्ये प्रेशर टँक, दोन फिल्टर आणि एक यूव्हीचा दिवा. दिव्याच्या डब्यावर स्टिकर होतं, बदलल्याची तारीख पेनाने लिहिलेली, आणि ती सोळा महिने जुनी होती. हा दिवा साधारण वर्षाला बदलायचा असतो, नुसता पेटलेला दिसतो म्हणून चालू आहे असं नसतं, त्याची जंतू मारायची ताकद उतरते. दादाने फोटो काढला. धंद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या खासगी पाण्याची काउंसिल (इथली स्थानिक पालिका) वर्षाला तपासणी करते आणि पाच वर्षांनी रिस्क असेसमेंट, त्याचे रिपोर्ट मागितले तर मालकांनी लगेच फाईल दिली, सगळं पास होतं. पण २०२२ च्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तेव्हा त्यांना दोन आठवडे हॉट टब बंद ठेवायला लागले आणि काही लोकांना पैसे परत द्यायला लागले, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. एजंटच्या ब्रोशरमध्ये लिहिलंय "मुबलक स्वतःचं पाणी".

जातं सेप्टिक टँकमध्ये, आणि हा भाग घाईत वाचू नका. घराची एक टाकी आणि लॉजची मिळून एक टाकी, दोन्हीचं पाणी जमिनीत मुरतं. वेल्समध्ये टाकीची नोंद नॅचरल रिसोर्सेस वेल्स ह्या सरकारी पर्यावरण संस्थेकडे करावी लागते, आणि जमिनीत मुरणारं पाणी दिवसाला २ घनमीटर म्हणजे २,००० लिटरपर्यंत असेल तर नुसती नोंद पुरते, त्याच्या वर परमिट लागतं. लॉज पाच, प्रत्येकात चार माणसं, वीस. माणशी दीडशे लिटर धरलं तर ३,००० लिटर झाले, आणि ह्यात घर धरलेलं नाही. एजंटला परमिट मागितलं तर त्याने नोंदणीचं सर्टिफिकेट पाठवलं, तेही आधीच्या काळातलं, जेव्हा लॉज दोनच होते. त्याला दोन्हीतला फरक माहीत नव्हता असं मला वाटतं. त्यात हॉट टबचं क्लोरीनवालं पाणी जर टाकीत जात असेल तर टाकीतले जे बॅक्टेरिया मैला कुजवतात तेच मरतात. मालक म्हणाले टबचं पाणी वेगळं काढतो, पाईप दाखवला, तो गवतात जातो. पुढे कुठे जातो ते गवत उंच असल्यामुळे दिसलं नाही, पण उतार ओढ्याकडे आहे आणि ओढा वाय नदीला मिळतो.

आणि वाय नदी हाच ह्या जागेचा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. ब्रोशरच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरात आहे, आणखी चार लॉज बांधायला वाव, परवानगी घेऊन. मागणीची किंमत बघितली की कळतं की ह्या "वाव" चे पैसे आपल्याकडून आत्ताच घेतले जातायत. वाय ही संरक्षित नदी आहे, जानेवारी २०२१ मध्ये नॅचरल रिसोर्सेस वेल्सने अशा नद्यांमधल्या फॉस्फेटचा (सांडपाण्यातूनही येणारा, नदीत शेवाळ वाढवणारा क्षार) अहवाल काढला, वायच्या बऱ्याच पट्ट्यात फॉस्फेट मर्यादेबाहेर निघालं, आणि तेव्हापासून ह्या नदीच्या खोऱ्यात जास्तीचं सांडपाणी तयार करणारं काहीही बांधायचं तर आधी दाखवावं लागतं की नदीत फॉस्फेट वाढणार नाही. चार लॉज म्हणजे आणखी सोळा माणसांचं सांडपाणी. अशक्य आहे असं मी म्हणत नाही, पण खर्चिक आहे, वेळ खाणारं आहे, आणि परवानगी मिळेल हे गृहीत धरून कोणी पौंड मोजू नये. मी एजंटला विचारलं काउंसिलकडे प्री-अॅप्लिकेशन सल्ला, म्हणजे बांधकामाचा अर्ज करण्याआधीचा सल्ला, घेतलाय का. नाही. मग तो वाव कशाच्या जोरावर लिहिला? त्याने उत्तर दिलं की जागा भरपूर आहे. जागा आहे हे मलाही दिसतंय हो, नऊ एकर आहे.

मला नदीचीही काळजी वाटते, नुसती परवानगीची नाही. सकाळी पुलावर उभा होतो तेव्हा खाली पाणी इतकं स्वच्छ होतं की दगड मोजता आले असते. लोक ह्याच नदीसाठी इथे येतात.

लॉजबद्दल. दिसायला लाकडी बंगली, पण कायद्याने हे कॅरॅव्हॅन आहेत. दोन भाग ट्रकवर आणून जागेवर जोडतात, आणि आकार २० मीटर बाय ६.८ मीटर, आतली उंची ३.०५ मीटर ह्याच्या आत असेल तर ती इमारत न ठरता कॅरॅव्हॅन ठरते. ह्याने फरक काय पडतो तर घराची किंमत काळाप्रमाणे वाढू शकते, लॉजची उतरत जाते, गाडीसारखी. इथले दोन लॉज सतरा वर्षांचे आणि तीन त्यानंतरचे. चार नंबरच्या डेकखाली मी टॉर्च घेऊन वाकलो, कोपऱ्यातल्या खांबाच्या तळाशी अंगठा दाबला तर लाकूड साबणासारखं आत गेलं. वरून नवीन गडद तपकिरी रंग मारलेला, त्यामुळे उभं राहून बघितलं तर खांब छान दिसतो. नुसता डेकचा खांब असेल तर काही शे पौंडांचं काम, पण तीच ओल लॉजच्या खालच्या सांगाड्याला गेली असेल तर गोष्ट वेगळी. घराचा सर्व्हे करणारा माणूस लॉजच्या खाली घुसत नाही, त्याला वेगळं सांगावं आणि वेगळे पैसे द्यावे लागतात.

घरात आत जेवणाच्या खोलीने आमची मनं जिंकली. ओकचं जुनं फ्लोअरिंग, शेकोटी, आणि खिडकीतून थेट समोरचा डोंगर. बायको म्हणाली इथे टेबल लावायचं, बारा माणसांचं. मग तिनेच हात भिंतीवरून फिरवला आणि बोटांना पांढरं पीठ लागलं. क्षार. जाड दगडी भिंत आहे, आत पोकळी नाही, अशा भिंतीच्या दगडांमधल्या सांध्यांत चुना लागतो म्हणजे ओल बाहेर पडते, इथे कधीतरी बाहेरून सिमेंट भरलंय आणि आतून प्लास्टिक पेंट मारलाय, ओल मध्ये अडकलीये. घर ग्रेड टू लिस्टेड आहे, म्हणजे जपायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीत आहे, वेल्समध्ये हे कॅडू नावाची संस्था ठरवते, त्यामुळे सगळ्या खिडक्या एकेरी काचेच्या आणि त्या बदलायच्या तर लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट, म्हणजे खास परवानगी, हवी. गरम करायला तेलाचा बॉयलर. हिवाळ्याचं तेलाचं बिल मागितलंय, अजून आलेलं नाही. मला ही खिडक्यांची गोष्ट मान्य आहे, असं घर जपलंच पाहिजे, फक्त त्याचा खर्च डोक्यात ठेवून किंमत बोलायची.

आता हिशेब. वर्षाची उलाढाल साडेत्र्याऐंशी हजार पौंड. खर्च जाऊन नफा ३१,००० दाखवलाय. ऐकायला बरं वाटतं पण आठवतोय ना वरचा आकडा? नवरा-बायको दोघांचे पगार ह्यात शून्य धरलेत. मालक गवत कापतात, गटार साफ करतात, बॉयलर बघतात, रात्री साडेअकराला कोणाची किल्ली हरवली तर उठून जातात. तो ३१,००० म्हणजे दोन माणसांची वर्षभराची मजुरी आहे, आणि आपण कर्ज काढून घेणार असू तर व्याज ह्याच्यातूनच जाणार. आम्ही चौघं आहोत, दोघांच्या बाहेरच्या नोकऱ्या चालू राहतील असं धरलं तरी कागदावर जेमतेम बसतं.

दुसरं, ही उलाढाल ९०,००० च्या खाली आहे. ९०,००० ही व्हॅटची मर्यादा. तीन लॉजला हॉट टब लावले, भाडं वाढलं, ९०,००० ओलांडले की २० टक्के व्हॅट सुरू, आणि पाहुणा व्हॅट परत मिळवू शकत नाही, त्याच्यासाठी भाडं तेवढंच वाढतं किंवा आपल्या खिशातून जातं. त्यामुळे "थोडी मेहनत केली तर उलाढाल सहज वाढेल" हे एजंटचं वाक्य जरा हिशेब करूनच ऐकावं, वाढवायची तर बरीच वाढवावी लागेल नाहीतर मधल्या पट्ट्यात आपण जास्त राबून कमी कमावणार.

तिसरं, वेल्सचा १८२ दिवसांचा नियम. एप्रिल २०२३ पासून इथे सेल्फ-केटरिंग (पाहुणे स्वतःच रांधून खातात अशी) जागा वर्षात २५२ दिवस भाड्याला उपलब्ध आणि १८२ दिवस प्रत्यक्ष भाड्याने गेलेली असेल तरच ती बिझनेस रेट्समध्ये (धंद्याच्या जागेवरचा कर) राहते, नाहीतर काउंसिल टॅक्समध्ये (राहत्या घरावरचा कर) ढकलली जाते. इंग्लंडमध्ये हेच आकडे १४० आणि ७० आहेत, म्हणून इंग्लंडमधल्या कोणाचा अनुभव ऐकून इथे येऊ नका. वहिनीने मालकीणबाईंकडून गेल्या वर्षीची बुकिंगची डायरी मागून घेतली आणि टेबलाशी बसून पेन्सिलने रात्री मोजल्या. पाच लॉज: २०१, १९४, १९०, १७२, १७१. सगळ्या मिळून ९२८, सरासरी १८५ च्या थोडं वर. एकाच ठिकाणच्या लॉजची सरासरी धरता येते म्हणून ते वाचलेत, पण प्रत्येकी तीन-चार रात्रींनी. बाईंना सतरा वर्षांचा अनुभव आणि ओळखीची माणसं असून तीन-चार रात्री. आम्ही पहिल्या वर्षी किती करू? लॉजना फक्त सुट्टीसाठीच वापर अशी प्लॅनिंगची अट असेल तर दुसऱ्या घरांना लावतात तो काउंसिल टॅक्सवरचा जादा प्रीमियम लागत नाही, म्हणून ती अट नेमकी कुठल्या शब्दांत आहे हे आम्ही मागवलंय. ह्या असल्या दोन ओळींच्या कागदावर हजारो पौंड अवलंबून असतात.

शिवाय फर्निश्ड हॉलिडे लेटिंगची (सुट्टीसाठी सामानासकट भाड्याने द्यायच्या घरांची) जी वेगळी टॅक्स सवलत होती ती एप्रिल २०२५ पासून बंद झालीये, आणि आम्हाला जे तीन वर्षांचे हिशेब दाखवले त्यातली बहुतेक वर्षं सवलतीच्या काळातली आहेत. पुढे २०२७ पासून वेल्समधल्या काउंसिलना माणशी रात्री १.३० पौंड असा पाहुण्यांवरचा कर लावता येणार आहे, पॉविस लावेल की नाही ते वेगळं, पण लागला तर गोळा करून भरायचं काम आपलं.

एक गोष्ट मात्र खरेदीदाराच्या बाजूने आहे. घर आणि धंदा खरोखर एकत्र विकला जात असेल तर वेल्सचा लँड ट्रान्झॅक्शन टॅक्स, म्हणजे मालमत्ता खरेदीवरचा कर, मिश्र वापराच्या दराने लागतो, ८,९५,००० वर तो ३२,५०० येतो, आणि नुसतं राहतं घर म्हणून साध्या दराने ५१,२५० आला असता. फरक १८,७५० चा. त्यात खराब खांब आणि भिंत दोन्ही होतील. हे सॉलिसिटरकडून पक्कं करून घ्या.

गुडविलबद्दल माझं मत जरा कडक आहे. मागणीत गुडविल, म्हणजे धंद्याच्या नावाची आणि जमलेल्या गिऱ्हाइकांची किंमत, धरलंय, पण बुकिंग साइटवरचे चारशे चांगले रिव्ह्यू मालकांच्या अकाउंटवर आहेत, ते आपल्याला मिळतील असं कोणी लिहून देत नाहीये. आणि तेच लोक परत परत का येतात ते मला शनिवारी दिसलं, दोन नंबरमधलं वयस्कर जोडपं अकराव्यांदा आलं होतं आणि बाईंनी त्यांच्यासाठी फ्रीजमध्ये दूध ठेवताना कुठलं दूध त्यांना चालतं हे न विचारता ठेवलं. हे विकत घेता येत नाही. स्वतःची वेबसाइट, त्याचं नाव, ईमेलवर परवानगी दिलेल्या जुन्या पाहुण्यांची यादी, पुढच्या वर्षीची बुकिंग आणि त्यांची आधीच घेतलेली डिपॉझिट, ह्या गोष्टी करारात लिहून घेता येतात आणि त्यांचेच पैसे द्यावेत. कामाला येणाऱ्या बाईंची नोकरीही २००६ च्या टुपे नियमांप्रमाणे (धंदा विकला तर कामगारांना संरक्षण देणारे नियम) जुन्या अटींसकट आपल्याकडे येते, आणि खरं सांगायचं तर त्या आल्या नाहीत तर पहिल्या शुक्रवारीच आपण अडकू, म्हणून त्यांच्याशी नीट बोला, त्यांना कमी समजू नका.

मालकांना पाचपैकी पाच. जे विचारलं ते दाखवलं, दुष्काळाचं स्वतःहून सांगितलं, डायरी दिली. लॉजला गिऱ्हाईक म्हणून पाच, सुट्टीसाठी कोणी विचारलं तर डोळे झाकून सांगेन जा. घराला साडेतीन, ओल आणि खिडक्यांमुळे. एजंटला एक, कारण मुबलक पाणी, भरपूर वाव, सहज वाढ ही तिन्ही वाक्यं विचारल्यावर टिकली नाहीत आणि माणूस आयुष्यभराची कमाई घेऊन येतो तेव्हा त्याला असं सांगू नये. आणि ह्या किमतीला धंदा म्हणून दोन.

परत येताना गाडीत बराच वेळ शांतता होती. मग दादा म्हणाला, "वाव सोडून दे, जे आज उभं आहे तेवढ्याचीच किंमत काढू." घरी येऊन तशी काढली, दोघांचे पगार धरून, लॉजची घसरण धरून, सांडपाण्याचा नवीन ट्रीटमेंट प्लांट धरून, आणि ती मागणीपेक्षा बरीच खाली आली. ऑफर अजून दिलेली नाही. आधी ड्रेनेजवाला माणूस टाकी आणि तो गवतातला पाईप बघणार, लॉजच्या खाली कोणीतरी झोपून बघणार, आणि परमिट, रस्त्याचा हक्क, प्लॅनिंगची अट हे तीन कागद येणार. बाईंचा काल फोन आला होता, वहिनीशीच बोलल्या. यूव्हीचा दिवा बदलून घेतलाय म्हणाल्या, आणि स्टिकरवर नवीन तारीख टाकलीये.